दर्भाचा कावळा चालणार नाही

मार्च लागला की जुलै संपेपर्यंत खांबेटे काका रोज सकाळी सात वाजता एका इंग्रज बाईंच्या गव्हाच्या शेताकडेला उभे राहतात आणि स्टीलचं ताट पळीनं बडवतात. डोक्याला माकडटोपी, अंगात मेणकापडाचा हिरवा कोट, पायांत गमबूट. ताटही साधंसुधं नाही. त्याच्या मागे टोचून लिहिलंय, "चि. सौ. कां. शैला हिस मामाकडून." शैला म्हणजे आमच्या काकू. मामांनी ते ताट लग्नात दिलं तेव्हा त्यांना काय कल्पना, की पुढे बर्कशरच्या टेकड्यांवर त्यांचे भाचेजावई त्यानं कावळे हाकलणार आहेत!

एकदा तिथून कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी पोलिसांना फोन केला. शेतात एक वृद्ध गृहस्थ आहेत, बहुधा वाट चुकलेत, आणि काहीतरी वाजवताहेत. पोलीस आले. काकांनी त्यांना आधी पाच मिनिटं थांबवलं, कारण ताट बडवायची वेळ संपली नव्हती. मग तित्तर घरटं कुठे करतं, कावळा त्यातली अंडी कशी पळवतो, हे सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी त्यातल्या तरुण पोलिसाच्या बुटाकडे बघून म्हणाले, "लेस सैल आहे. रिजेक्ट." पोलिसानं खाली वाकून निमूट लेस बांधली, असं म्हणतात.

रिजेक्ट हा काकांचा आवडता शब्द. दुसरा शब्द 'पास', पण तो फार क्वचित ऐकू येतो. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली. पट्ट्यावरून माल यायचा, काका बघायचे आणि निकाल द्यायचे. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी तो पट्टा त्यांच्या डोळ्यांसमोरून फिरतोच आहे. मंडळाच्या गणपतीचा प्रसाद, डॉक्टरांच्या सर्जरीतली रिसेप्शनिस्ट, माझ्या नवऱ्याचं रिव्हर्स पार्किंग, सगळं त्या पट्ट्यावरून जातं.

आम्ही रीडिंग शहरात त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात हे. "मी खांबेटे, शेजारचा. आज कचऱ्याच्या लाल बिनचा दिवस आहे, तुम्ही करडा बाहेर काढलाय." माझं नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे म्हटल्यावर चेहरा एकदम उजळला. "अगं मुग्धा, म्हणजे तू आमच्यातलीच की! दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरणारी." मागून काकू आल्या, हातात गरम थालीपिठांचा डबा. "ह्यांचं काही मनावर घेऊ नकोस हो. माझ्या पोळ्यासुद्धा उजेडात धरून बघतात."

काकू मला एकच वर्ष मिळाल्या. पण त्या एका वर्षात त्यांनी मला ही शेताची गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की मी तिथे हजर होते असंच वाटतं.

झालं असं, की रिटायर झाल्यावर काका घरात बसले आणि त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डब्यांवर तारखा चिकटवल्या, फोडणीला घड्याळ लावलं. काकू वैतागल्या. तेव्हापासून दर रविवारी त्या काकांना गाडीत घालून गावाबाहेर टेकड्यांकडे न्यायच्या, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी ओटा मोकळा. अशाच एका रविवारी त्यांनी गाडी नेमकी एका शेताच्या फाटकासमोर लावली आणि थालीपिठाचा डबा उघडला. इतक्यात एक उंच, लाल गालांचा माणूस पिकअपमधून उतरला. तो ग्रॅहम, त्या शेताचा गेमकीपर. इथे शिकारीसाठी फेजंट नावाचे कोंबड्यासारखे पक्षी पाळतात. त्यांना दाणापाणी करायचं, झुडपं राखायची, कोल्ह्या-कावळ्यांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. ग्रॅहम तासाला चार शब्द बोलतो आणि त्यातले तीन "राइट यू आर" हेच असतात. गाडी हलवा म्हणायला तो आला होता. काकूंनी त्याच्या हातात थालीपीठ ठेवलं. वर लिंबाचं लोणचं. तो उभ्या उभ्या खात असताना शेतातून, जुनं दार करकरावं तसा आवाज आला.

"अगंबाई, तित्तर!" काकू ओरडल्या. त्यांचं माहेर बार्शीकडचं. लहानपणी माळावर रोज ऐकलेला आवाज.

ग्रॅहम खायचा थांबला. ते होतं इथलं ग्रे पार्ट्रिज. बार्शीच्या तित्तराहून जात वेगळी, आवाजही काही अगदी तोच नाही, पण घराणं तेच. त्यानं सांगितलं, की त्याच्या वडिलांच्या वेळी प्रत्येक शेतात ही तित्तरं असायची; आता फवारण्यांनी किडे गेले, कुंपणाची झुडपं गेली, तेव्हा पिल्लांनी खायचं काय नि लपायचं कुठे? उरलीत थोडी. तो वाचवायचा प्रयत्न करतोय. एवढं लांबलचक भाषण त्यानं त्यानंतर कधी केलं नाही. काकांनी सगळं ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला, "आणि इन्स्पेक्शन कोण करतं?"

कोणी करत नव्हतं. काकूंनी तिथल्या तिथे निकाल लावला. "यू टेक हिम," त्या ग्रॅहमला म्हणाल्या. "ऑल डे ही इज इन माय किचन."

"राइट यू आर," ग्रॅहम म्हणाला, आणि काका शेतावर रुजू झाले.

ज्यानं उभ्या आयुष्यात अंडं खाल्लं नाही, केक घेतानाही पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतो, तो माणूस शिकारीच्या रानात काम करतो, याचं मंडळात सगळ्यांना भारी कौतुक आणि तेवढाच संशय. मीही एकदा न राहवून विचारलं. काका म्हणाले, "मला पटत नाही. बंदुका निघतात त्या दिवशी मी शेताच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि कानात नाट्यगीत लावतो. पण गंमत बघ, आजूबाजूच्या शेतांत एक झुडूप उरलं नाही आणि इथे सगळी आहेत. का? तर ह्यांना शिकार हवी म्हणून. ज्याला मारायचंय तोच राखतोय. डोकं फिरतं माझं विचार करून. म्हणून मी विचार करत नाही, दाणे घालतो." तित्तरांना मात्र तिथे कुणी हात लावत नाही. त्यांची संख्या भरपूर होईपर्यंत बंदूक वर करायची नाही, असा ग्रॅहमचा नियम आहे आणि मालकीणबाईसुद्धा तो पाळतात.

शेतात ठिकठिकाणी तीन पायांवर उभी केलेली निळी पिंपं आहेत. खाली एक स्प्रिंग असते, पक्ष्यानं चोच मारली की गव्हाचे चार दाणे पडतात. ही पिंपं भरायचं काम काकांचं. शेताच्या मधोमध गवताचा एक उंच बांध मुद्दाम राखलाय, किड्यांसाठी आणि घरट्यांसाठी. तित्तरांची कुटुंबं जिथे राहतात त्यावरून काकांनी त्यांना आडनावं दिलीत. गवताच्या बांधावरचे कुलकर्णी, ओढ्याकडचे देशमुख, कुंपणाच्या कोपऱ्यात जोशी. "कुलकर्ण्यांकडे यंदा अकरा," हे वाक्य त्यांनी एकदा मंडळाच्या हळदीकुंकवात मोठ्यानं म्हटलं. तिथे दोन खऱ्या कुलकर्णी बसल्या होत्या. त्या अजून काकांशी जपून बोलतात.

कावळ्यांचं मात्र वाईट. ते अंडी खातात, म्हणून वसंतात ग्रॅहम पिंजरा लावतो. पिंजरा ग्रॅहमचा आणि ताट काकांचं, अशी वाटणी. पिंजऱ्यात सापडलेल्या कावळ्यांचं पुढे काय होतं हे काका विचारत नाहीत. त्यांना ते ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या सुरुवातीला काकू गेल्या. आठवडाभर ताप, मग हॉस्पिटल, आणि संपलंच. मुलगा समीर मँचेस्टरहून आला. तो इथेच जन्मलेला, डॉक्टर आहे, सोन्यासारखा मुलगा, पण दहाव्याचं वगैरे त्याला काही माहीत नाही. स्लाऊचे गुरुजी आले. एका हॉलच्या मागच्या अंगणात पिंड ठेवले आणि आम्ही सगळे थंडीत कुडकुडत कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा उरली नाही, असं आपण मानतो. समोरच्या घराच्या धुराड्यावर दोन कावळे होते. ते धुराड्यावरच बसून राहिले. हॉलचं बुकिंग एक वाजेपर्यंतच होतं. मग गुरुजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळे जेवायला गेले.

घरी आल्यावर मी चहा दिला तेव्हा काका म्हणाले, "मुग्धा, कारखान्यात माल पास करायचा तर दोन सह्या लागत. एक तपासणाऱ्याची, एक बघणाऱ्याची. आज माल न बघताच सही झाली. दर्भाचा कावळा चालणार नाही. तिचं काहीतरी राहिलंय गं."

"काय राहिलं असेल, काका?"

"तेच तर कळायला हवं ना!"

तेरावं झालं. समीर मँचेस्टरला गेला. लोकांचे डबे आणखी चार दिवस आले आणि बंद झाले. माझासुद्धा. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आता त्यांना जरा एकटं राहू द्यावं. काका पडदे ओढून बसले. एका सकाळी मी खिडकीतून बघते तर ग्रॅहमची चिखलानं माखलेली पिकअप दारात. पंचवीस मैलांवरून आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "पिंपं भरायचीत."

"सीझन संपला ना?" काका म्हणाले.

"संपला. म्हणूनच."

काका म्हणाले, मी येणार नाही. ग्रॅहम म्हणाला, "राइट यू आर," आणि तिथेच उभा राहिला. पाऊस पडत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी काका आत गेले आणि गमबूट घालून बाहेर आले.

हे "म्हणूनच" म्हणजे काय, ते मला पुढे कधीतरी काकांनी समजावलं. शिकारीचा मोसम जानेवारीअखेर संपतो. पाहुणे जातात आणि बहुतेक ठिकाणी लोक पिंपं उचलून ठेवतात, कारण आता कोणासाठी घालायचे दाणे? पण पाखरांची खरी उपासमार त्यानंतर सुरू होते. जुनं बी संपलेलं, नवं यायचंय. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. "सगळ्यांचा हात थांबतो ना, तेव्हा घालायचे असतात," काका म्हणाले. ग्रॅहमची पिंपं कधीच थांबत नाहीत. त्या वर्षापासून तो दर मंगळवारी काकांना न्यायलाही येऊ लागला, जरी काकांकडे स्वतःची गाडी आहे.

पण कावळ्याचं ते डोक्यातून गेलं नाही. वर्षश्राद्ध झाल्यापासून दर सप्टेंबरात पितृपक्षातल्या अविधवा नवमीला काका काकूंचं पान वाढायचे आणि मागच्या अंगणात घास ठेवायचे. पहिल्या वर्षी तो खारीनं पळवला. दुसऱ्या वर्षी कबुतरं आली, आठ. तिसऱ्या वर्षी आकाशातून एक घार सुसाट खाली आली आणि वड्यासकट कागदी पत्रावळच उचलून घेऊन गेली. रीडिंगवर घारींची मेहेरबानी फार. काका वर बघून ओरडले, "रिजेक्ट! रिजेक्ट!" आणि आत जाऊन उपाशी झोपले. घास कावळ्यानं घेतल्याशिवाय ते त्या दिवशी जेवत नाहीत.

"कावळे मुद्दाम येत नाहीत," मला म्हणाले. "मी त्यांच्या जातीशी वैर घेतलंय. त्यांची पोरं-बाळं ग्रॅहमच्या पिंजऱ्यात गेली आणि मी ताट बडवत उभा होतो. कशाला येतील माझ्या घरच्या घासाला? चूक माझी आणि अडकून बसलीय ती."

मी म्हटलं, काका, असं काही नसतं हो. त्यावर माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की मी परत तो विषय काढला नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. कंपनीनं आमची अख्खी टीमच बंद केली. व्हिसा माझ्या नावावर, नवरा डिपेंडंट, आणि नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस. पहिला आठवडा फोन खूप आले, "काळजी करू नकोस" म्हणणारे. मग तेही थांबले. मी लॅपटॉपसमोर बसून रडायची आणि रडून झालं की अर्ज भरायची. एका सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात एक जादा बादली. "पिंपं भरायचीत."

"काका, मला इंटरव्ह्यूची तयारी..."

"कधी आहे?"

"अजून आलेला नाही."

"मग गमबूट घाल."

सहा आठवडे मी रोज सकाळी त्या माणसाबरोबर चिखल तुडवला. बादल्या उचलल्या, पिंपं भरली, दोनदा ओढ्यात पडले, आणि देशमुखांची नर-मादीची जोडी दहा पावलांवरून चालत जाताना बघितली. काकांनी एकदाही नोकरीचं काय झालं असं विचारलं नाही. दहा वाजता घरी सोडताना फक्त म्हणायचे, "आजचा दिवस पास." मला नोकरी लागली ती त्रेपन्नाव्या दिवशी. ज्यांनी मला तारलं त्यांत माझ्या नव्या मॅनेजरचं नाव मी दुसऱ्या नंबरवर घेते.

म्हणून या सप्टेंबरात काका म्हणाले, "मुग्धा, नवमीला सुट्टी काढशील का? मोजणीही त्याच दिवशी आलीय," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पीक कापल्यावर शेतात नुसती धसकटं उरतात. तित्तरं उघड्यावर दिसतात, तेव्हा दरवर्षी सकाळी पिकअपमधून फिरून त्यांची मोजणी करायची असते. नर किती, मादी किती, पिल्लं किती.

"आणि घास?" मी विचारलं.

"यंदा तिथेच ठेवणार. कावळ्यांच्या हेड ऑफिसात. माफी मागायची तर समोर जाऊन मागावी."

खीर मी केली होती. काकांनी चमचाभर डब्याच्या झाकणात घेऊन उजेडात धरली आणि निकाल न देताच झाकण लावलं. वडे, वरणभात, आमसुलाची चटणी त्यांनी स्वतः पहाटे उठून केलेली.

मोजणी झकास झाली. कुलकर्ण्यांकडे चौदा, देशमुखांकडे नऊ, आणि इतकी वर्षं मूल नसलेल्या जोश्यांकडे चक्क सहा पिल्लं! ग्रॅहमनं दुर्बीण खाली घेतली आणि हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. काकांचं मात्र लक्ष नव्हतं. ते सारखे ओढ्यापलीकडच्या वाळक्या झाडाकडे बघत होते. त्यावर सात-आठ कावळे बसलेले.

बारा वाजता काकांनी बांधाजवळ पाणी शिंपडून जागा केली, पान वाढलं, हात जोडले. आम्ही पंधरा पावलं मागे उभे राहिलो. अर्धा तास गेला. कावळे मान वाकडी करून बघत होते, पण एकही हलेना. काकांनी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. वय सत्त्याहत्तर, त्यात बीपी.

"तो जेवणार कधी?" ग्रॅहमनं मला हळूच विचारलं. मी सगळं सांगितलं. कावळा, घास, दर्भाचा कावळा, चार वर्षं. ग्रॅहमनं सगळं ऐकलं. ज्याचा जन्म कावळे हाकलण्यात गेला, तो माणूस झाडावरच्या कावळ्यांकडे अगदी अजिजीनं बघू लागला. मग एकदम म्हणाला, "माझी गाडी ओळखतात ते." पळत जाऊन त्यानं पिकअप कुंपणाआड नेऊन लावली. परत आला आणि आम्हा दोघांना झुडपामागे बसवलं. काही उपयोग झाला नाही. मग त्यानं दुर्बीण डोळ्याला लावून पानाकडे बघितलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्टर के. ते ताट."

काकांनी बघितलं, मी बघितलं. अहो, काकूंचा मान म्हणून काकांनी यंदा कागदी पत्रावळीऐवजी काकूंचं स्वतःचं ताट आणलं होतं! मामांनी दिलेलं! इतकी वर्षं रोज सकाळी जे ताट बडवून कावळ्यांना पळवून लावलं, नेमकं त्यातच त्यांना जेवायला वाढलं होतं. कोण येतंय?

"अरे देवा," काका म्हणाले. "जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या मी."

ग्रॅहम फेजंटसाठी लावलेल्या केल नावाच्या कोबीसारख्या भाजीच्या पट्ट्यात शिरला आणि सुपाएवढं एक पान तोडून घेऊन आला. पुसून माझ्या हातात दिलं. मी सगळं त्यावर काढलं, वडा वर ठेवला, आणि ताट कोटाखाली लपवून झुडपामागे आले.

एक कावळा उडाला, कुंपणाच्या खांबावर येऊन बसला. आणि बसूनच राहिला.

मग काका बोलायला लागले. कावळा अडला की आपल्याकडे बोलतात तसं, हात जोडून. "शैला, समीरच्या लग्नाचं बघतो. त्याला जास्त बोलणार नाही." कावळा ढिम्म. "बार्शीच्या जागेचं तू म्हणशील तसं करू." ढिम्म. "बीपीची गोळी रोज घेईन. डब्यांवर तारखा लावणार नाही. अगं, तुझ्या पोळीला मी रिजेक्ट म्हटलं असेन, पण कधी टाकली का गं एक तरी?" कावळा ढिम्म. "आता काय सांगू तुला? माझ्याकडचं संपलं सगळं."

मला हुंदका आवरेना. ग्रॅहमनं विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, त्यांच्या बायकोला कसली तरी काळजी आहे, ती कसली हे त्यांना कळत नाहीये, म्हणून ते एकेक सांगून बघताहेत.

ग्रॅहम उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि त्या खांबाकडे बघून त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "मिसेस के, मी ग्रॅहम. तुम्ही मला सांगितलं होतं, ह्याला घेऊन जा. मी नेलाय. तो एकटा नाही. मी आहे, ही पोरगी आहे. पिंपं भरलेली असतील, सीझन संपल्यावरसुद्धा."

कावळा खाली उतरला. दोन उड्या तिरक्या मारल्या, वडा चोचीत धरला आणि ओढ्याकडे निघून गेला. मग दुसरा आला, तिसरा आला, खिरीवरून भांडण लागलं. ग्रॅहमनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, सवयीनं टाळी वाजली जाऊ नये म्हणून.

ताटामुळे अडला होता की काकूंमुळे, मला विचारू नका. मी टेस्टर आहे; दोन गोष्टी एकदम बदलल्या की बग कशानं गेला ते सांगता येत नाही, एवढंच मला माहीत आहे.

काका डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे माझीच काळजी होती तर तिला. आणि मी उगाच जागा नि लग्न नि काय काय." मग पिकअपच्या फळीवर बसून त्यांनी दोन वाट्या खीर खाल्ली. मी वाट बघत होते. "वेलची जास्त झालीय," म्हणाले. "पास."

मोजणीचा तक्ता ग्रॅहमच्या मांडीवर होता. त्यावर तो कुणाला एक रेघ ओढू देत नाही. तक्ता थेट मालकीणबाईंकडे जातो. काकांनी तो ओढून घेतला, सगळ्यात खाली रिकाम्या जागेत पेननं लिहिलं, 'कावळा, एक. पास,' आणि पुढे सही केली. मग पेन ग्रॅहमपुढे धरलं.

"दोन सह्या लागतात," काका म्हणाले.

"राइट यू आर," ग्रॅहम म्हणाला, आणि त्यानं सही केली.